हे भांडं कुणाचं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई मुलुंडला राहतात, बँकेत नोकरी करतात आणि चार वर्षं शनिवार-रविवार पॉटरीच्या क्लासला जातात. चाक बऱ्यापैकी जमतं. मागे एका छोट्या प्रदर्शनात त्यांनी वाट्या मांडल्या, तर दोघीतिघींनी विचारलं, "या सरांनी केल्यात का?" तेव्हापासून त्यांना चैन नाही. आपली स्वतःची शैली कशी सापडेल, क्लास बदलावा का, ग्लेझचं (भांड्यावर चढवायच्या काचेसारख्या लेपाचं) रसायनशास्त्र शिकावं का, इन्स्टाग्राम बघणं सोडावं का, आणि भांड्याखाली नावाचा ठसा मारायला सुरुवात करावी का, असं सगळं एका दमात विचारलं आहे.

ताई, आधी त्या दोघीतिघींचं बोलणं मनातून काढून टाका. चार वर्षांत सरांसारखी वाटी निघते याचा अर्थ हात तयार झाला आहे. शिवाय हा सारखेपणा बराचसा तुमचा नाहीच. तुमच्या क्लासमध्ये सगळ्यांची माती एकाच पोत्यातली, ग्लेझच्या बादल्या त्याच पाच-सहा, भट्टी एक, तिचा प्रोग्रॅम ठरलेला, ट्रिमिंगची, म्हणजे अर्धवट सुकलेलं भांडं तासायची, हत्यारंही सगळ्यांत मिळून तीच. एवढं सगळं एक असताना दहा जणींच्या वाट्या एकमेकींसारख्या दिसल्या नाहीत तरच नवल.

आता गंमत बघा. हा सारखेपणा टोचायला लागला की बहुतेक मंडळी आधी ग्लेझकडे धावतात. नवा रंग, त्यावर ओघळणारा दुसरा रंग, मग सोनेरी कड, मग पानाफुलांचे ठसे. माती बदलतात. आज पांढरी स्टोनवेअर (चढ्या आचेवर भाजून दगडासारखी कठीण होणारी माती), दोन महिन्यांनी लाल माती, दिवाळीनंतर पोर्सेलीन. भांडी वेगळी दिसायला लागतात खरी, पण तो वेगळेपणा दुकानातून आणलेल्या मालाचा असतो. तुमचा हात कुठे आहे हे त्या गर्दीत तुम्हालाच कळत नाही. म्हणून मी नेमकं उलट सांगते. बदलता येण्यासारखं जे जे आहे ते निदान वर्षभर बदलूच नका. माती तीच, ग्लेझ एक, आकार एक. बाकी सगळं जागच्या जागी राहिलं की तुमचा हात सवयीने कुठे वळतो ते उघडं पडतं. दुसरी वाट मला तरी माहीत नाही.

याचा माझ्या ओळखीचा सर्वांत चांगला पुरावा लंडनमधला आहे. मातीकाम करणाऱ्या ल्यूसी री व्हिएन्नात शिकलेल्या. १९३८ साली नाझींमुळे देश सोडून त्या लंडनला आल्या. तेव्हा तिकडे बर्नार्ड लीच यांचा शब्द चालायचा. हे लीच जपानमध्ये मातीकाम शिकले आणि १९२० साली शोजी हमादा या जपानी कुंभाराला सोबत घेऊन त्यांनी इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्जला पॉटरी उभी केली. त्यांना भरदार, जाड, गावाकडची आठवण देणारी भांडी आवडत. रीबाईंची पातळ, नाजूक, शहरी भांडी त्यांना रुचली नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाने नापसंती दाखवल्यावर बाईंनीही काही काळ त्यांच्या वळणाने जाऊन पाहिलं. मग १९४६ मध्ये हान्स कोपर नावाचा जर्मनीहून आलेला निर्वासित तरुण त्यांच्याकडे कामाला लागला. काम होतं सिरॅमिकची बटणं करायचं आणि मातीचा अनुभव त्याला शून्य. पण बाईंना त्यांच्या मूळ वळणावर परत यायला बळ दिलं ते या माणसाने.

त्यानंतर वर्षानुवर्षं ही दोघं एकाच लहानशा स्टुडिओत, एकाच इलेक्ट्रिक भट्टीवर काम करत होती. रीबाई कच्च्या भांड्यावरच ब्रशने ग्लेझ लावून एकदाच भाजत. बूड अरुंद आणि काठ हवेत फाकलेला. कोपर चाकावर वेगवेगळे तुकडे काढून जोडायचा, पांढरी स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) आणि मँगॅनीजचे थर चढवायचा आणि मग ते खरवडायचा. त्याचे आकार मोजकेच. तेच तो वर्षानुवर्षं फिरवून फिरवून करत राहिला, आणि रंग म्हणाल तर जवळजवळ काळा-पांढराच. भट्टी एक, छप्पर एक, पण ज्याला भांडी पाहायची थोडीफार सवय आहे तो या दोघांची गल्लत करणार नाही. आपल्याकडची कितीतरी मंडळी "इलेक्ट्रिक भट्टीत काही होत नाही हो" म्हणून हातपाय गाळतात, त्यांना मी हेच उदाहरण देते.

लंडन लांबचं वाटत असेल तर धारावीला कुंभारवाड्यात जाऊन या. सौराष्ट्रातून आलेली प्रजापती कुटुंबं तिथे कित्येक पिढ्या चाक फिरवत आहेत. माठाचा आकार ठरलेला, गिऱ्हाइकाला तो वेगळा नकोच असतो. भट्टी चिंध्यांवर नाहीतर कापसाच्या कचऱ्यावर पेटते. दिवाळीआधी गेलात तर दोन वेगळ्या चाकांवरच्या पणत्या मागून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. एकीची चोच ओढून काढलेली, दुसरीची नुसती अंगठ्याने दाबलेली. एकीचं बूड दोरीने सरळ कापलेलं, दुसरीचं जरा तिरकं. तिथल्या जुन्या कारागिरांना ढिगातली पणती कोणत्या घरची ते पटकन कळतं. त्यांच्यातल्या कुणी आपली शैली शोधायला सुट्टी काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता करायचं काय? एकच भांडं निवडा, आणि ते वापरातलं निवडा. मी आमटीची वाटी सुचवेन, कारण तुम्ही वाट्याच करता आणि आपल्या घरात आमटी नुसती वाढली जात नाही, वाटी तोंडाला लावून प्यायली जाते. त्यामुळे खूप गोष्टी तुम्हाला ठरवाव्याच लागतात. काठ ओठाला लागणार, मग तो किती जाड? फार पातळ केला तर चटका बसतो आणि घासताना टवका उडतो, फार जाड केला तर आमटी हनुवटीवर येते. गरम वाटी धरायची कुठे, पोटाशी की बुडाशी? बुडाशी म्हणत असाल तर बुडाची कडी निदान बोट शिरेल एवढी उंच हवी. आतला तळ गोल ठेवला तर शेवटचा घोट सहज येतो, सपाट ठेवला तर डाळ कोपऱ्यात बसते. आणि वाट्या फडताळात एकात एक बसायला हव्यात, मुंबईच्या स्वयंपाकघरात ती अट सोडून चालतच नाही. या प्रत्येक प्रश्नाची दोन-तीन बरोबर उत्तरं आहेत. तुम्ही विचार न करता त्यातलं कोणतं उत्तर देता, ते आपल्याला शोधायचं आहे.

गोळे काट्यावर तोलून घ्या, प्रत्येकी ४०० ग्रॅम, अंदाजपंचे नको. एका बैठकीत जमतील तेवढ्या वाट्या काढा, दहा-पंधरा सहज होतील. स्टोनवेअर माती सुकण्यापासून शेवटच्या भाजणीपर्यंत साधारण १२ टक्के आकसते, म्हणजे ओली असताना १३ सेंटिमीटर रुंद काढलेली वाटी भट्टीतून साडेअकराच्या आत येते. हे लक्षात ठेवून माप धरा. मग त्यातल्या दोन-तीन वाट्या तारेने वरून खाली उभ्या कापा. जिवावर येतं, मला ठाऊक आहे. पण भिंत तळाशी किती जाड, पोटाशी किती, काठाजवळ माती साठली आहे का, हे कापल्याशिवाय कळत नाही. उरलेल्या रांगेत मांडा, एक-दोन ठेवा आणि बाकीची माती परत मळायला टाका. महिनाभर काही भाजू नका. भाजणीचे पैसे वाचतात हा एक फायदा. दुसरा मोठा फायदा असा की ग्लेझ आकाराचे दोष झाकायला येत नाही.

ठेवलेल्या वाट्यांबद्दल वहीत एक-एक ओळ लिहा. "छान", "सुंदर" असले शब्द बाद. "पोट खाली आहे", "काठ आत वळला", "बूड लहान पडलं" असं लिहा. दोन महिन्यांनी वही चाळलीत तर काही ओळी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील.

याच्या जोडीने आणखी एक प्रयोग करा. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झालेला आहे. सरांची एक वाटी मागून घ्या, हातात घेऊन पंधरा मिनिटं नीट पाहा, उलटी करा, बोटं फिरवा, वजनाचा अंदाज घ्या. फोटो काढायचा नाही, माप घ्यायचं नाही. वाटी परत द्या. आठवड्याने ती आठवणीतून चाकावर काढा, आणि मग मूळ वाटी शेजारी आणून ठेवा. फरक दिसेलच. पण फरकही दोन तऱ्हेचे असतात. एक कच्च्या हाताचा, तो दरवेळी वेगळा पडतो. आज काठ वाकडा, उद्या तळ जाड. दुसरा दरवेळी एकाच दिशेने जातो. तिसऱ्या खेपेलाही काठ बाहेर न फाकता आतच वळत असेल, तर तुमच्या डोळ्याला तो तसाच हवा आहे, आठवणीने मूळ वाटी तुमच्या पसंतीकडे ओढून नेली आहे. हा दुसरा फरक पकडा आणि पुढच्या वेळी मुद्दाम थोडा वाढवा, मग आणखी थोडा, तो हास्यास्पद होईपर्यंत. मग तिथून एक पाऊल मागे या.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीच्या प्रत्येक नकलेत पोट मूळ भांड्यापेक्षा खाली उतरायचं. ती ते दुरुस्त करायला धडपडायची. मी म्हटलं, दुरुस्त करू नकोस, अजून खाली घे. आता तिचे चहाचे कप तळाशी रुंद आणि बसके असतात आणि मंडळी ते लांबून ओळखतात.

यावरून क्लासचं उत्तर आपोआप मिळतं. बदलू नका. नव्या क्लासमध्ये गेलात तर नव्या सरांची वळणं उचलाल आणि वर्षभराने हाच प्रश्न पुन्हा विचाराल. सरांना फक्त एवढंच सांगा की काही महिने मला एकच आकार करायचा आहे, नवं काही शिकवू नका. चांगला शिक्षक ऐकेल. कुणाकडून शिकलो हे भांड्यात दिसलं तर त्यात कमीपणाही नाही. भाईंदरला काम करणारे ब्रह्मदेव पंडित (२०१३ चे पद्मश्री) बिहारमधल्या कुंभाराच्या घरातून आले आणि स्टोनवेअरमध्ये त्यांनी स्वतःचं काम उभं केलं. घरचं चाक सोडून द्यावं लागलं नाही.

ग्लेझचं रसायनशास्त्र शिका, जरूर शिका, पण एका ग्लेझपुरतं. एक साधं पारदर्शक बेस ग्लेझ घ्या आणि त्यात लोहाचा ऑक्साइड १, २, ४, ८ टक्के असा वाढवत चाचणीच्या फरशा भाजा. इलेक्ट्रिक भट्टीत हवा खेळती असल्याने फिकट पिवळसरापासून मधाळ आणि मग गडद तपकिरी असे रंग मिळतील. तेच ग्लेझ गॅसच्या भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवून भाजलं तर थोड्या लोहाला हिरवट सेलाडॉन आणि जास्त लोहाला काळं टेनमोकू येतं. म्हणून इलेक्ट्रिक भट्टी हाताशी असताना सेलाडॉनमागे धावणं हा मला वेळेचा अपव्यय वाटतो. मध आणि गूळ या रंगांतही आयुष्य जाईल इतकं काम आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या कच्च्या मालावर ग्लेझ कशी बसवायची याचं निर्मला पटवर्धनांनी पुस्तकरूपात करून ठेवलेलं काम मिळवून वाचा, परदेशी कृतींमधली नावं बाजारात शोधत फिरण्याचा त्रास वाचेल. एक सावधगिरी मात्र हवी. तांबं आणि मँगॅनीज यांची ग्लेझ खाण्याच्या भांड्याच्या आत नको, आमटीत चिंच-कोकम असतं. आतल्या ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवून सकाळी रंग उतरला का ते पाहा. उतरला तर ते ग्लेझ बाद. नाही उतरला तरी ही घरगुती चाळणीच, विकायची भांडी प्रयोगशाळेत तपासून घ्यावीत.

आता मुंबईबद्दल. "माझ्या भांड्यात मुंबई दिसायला हवी" असं अलीकडे फार ऐकू येतं, आणि मग कुणीतरी जुहूची वाळू पिशवीत भरून आणतं. ती मातीत मिसळू नका. त्या वाळूत शंखशिंपल्यांचा चुरा असतो. भट्टीत त्याचा चुना होतो, तो नंतर हवेतली ओल शोषून फुगतो आणि भट्टीतून धड निघालेल्या भांड्याचा काही दिवसांनी टवका उडतो. दमट हवेत तर जास्तच. त्यापेक्षा पायाखालचा काळा दगड बघा. आपला बेसॉल्ट लोहाने भरलेला आहे, साधारण दहा-बारा टक्के. खडी फोडतात तिथली काळी भुकटी आणून बारीक चाळा, चाळताना मास्क लावाच, ती धूळ फुप्फुसांना वाईट. १२८० ते १३०० अंशांना ही भुकटी जवळजवळ स्वतःच्या बळावर वितळून तपकिरी-काळं ग्लेझ देते. तुमच्या क्लासची भट्टी १२२० ते १२४० पर्यंत जात असेल तर बोरॉनचं फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) मिसळावं लागेल. सत्तर भाग भुकटी आणि तीस भाग फ्रिट इथून सुरुवात करा, आणि चाचणीच्या फरशीखाली मातीची ताटली ठेवा, नाहीतर ओघळ भट्टीच्या शेल्फला चिकटेल.

पण खरी मुंबई भांड्यात येते ती अडचणींमधून, असं मला वाटतं. भट्टी लहान, त्यामुळे उंच भांडी नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये वाटी सुकायला आठवडा खाते. कपाला कान लावला तर कान आणि पोट वेगवेगळ्या वेगाने सुकून जोडावर चीर जाते, म्हणून प्लॅस्टिकखाली सावकाश सुकवावं लागतं. मी पावसाळ्यात कानाचे कप करतच नाही, बिनकानाचे पेले करते, आणि हळूहळू लोक मला पेल्यांसाठीच ओळखायला लागले. भाजलेला माल लोकलने न्यायचा तर एकात एक बसणारी, कडा न निघालेली भांडी बरी पडतात. जुन्या सुती साडीत गुंडाळून मी सकाळच्या गर्दीतूनही वाट्या नेल्या आहेत. तुमच्याही अडचणी असतील, मुलुंडचा फ्लॅट, फक्त शनिवार-रविवार, सोसायटीचे नियम. त्यांची वहीत नोंद करा आणि त्यांना धरून आकार ठरवा.

इन्स्टाग्राम बघा की, कोण अडवतंय? फक्त मातीला हात लावायच्या दिवशी नको. पडद्यावर भांड्याची बाह्यरेषा दिसते. वजन, बूड, आतली बाजू, टिचकी मारल्यावरचा आवाज यातलं काही कळत नाही, त्यामुळे उचलली जाते ती बाह्यरेषाच. त्यापेक्षा एक रविवार भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात घालवा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये एकोणिसाव्या शतकात जी पॉटरी झाली ती तिथे आहे. त्याच काळात, १८७२ पासून, तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेत होते, आणि ती चित्रं भांड्यांवरही उतरली. कारागिरी अव्वल आहे, वाद नाही. मला मात्र त्यातल्या काही भांड्यांवर चित्र आणि आकार एकमेकांशी बोलताना दिसत नाहीत, अंगावर उसना शालू चढवल्यासारखं वाटतं. तुम्हाला वेगळं वाटेल, वाटू द्या, पण का वाटलं ते लिहून ठेवा. मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन सिंधू संस्कृतीची मडकी आणि टाटांच्या संग्रहातली चिनी-जपानी भांडी बघा. काचेआड असली तरी खाली वाकून बूड बघता येतं. पहारेकरी जरा संशयाने बघतो, बघू द्या.

एक धोका तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगते. एखादा आकार खपायला लागला की ऑर्डरी येतात, कॅफेवाले शंभर-दोनशे थाळ्या मागतात आणि तोच माल करता करता तीन वर्षं निघून जातात. पैसे हवेच असतात, मीही अशी कामं घेते. पण ऑर्डरच्या दर भट्टीत एक कोपरा आमटीच्या वाट्यांसाठी राखून ठेवते.

राहिला ठसा. नावाचा ठसा इतक्यात नको. बुडाखाली खिळ्याने तारीख, मातीचा नंबर आणि ग्लेझचा नंबर कोरा, आणि तेच वहीत उतरवा. सहा महिन्यांनी एखादी वाटी हातात आली आणि आवडली, तर ती कशी झाली होती हे शोधता यायला हवं. नावाचं पुढच्या प्रदर्शनाच्या वेळी बघू.